तिसऱ्या दिवसाचे दुखणे

दरवर्षी ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात स्तनपान सप्ताह साजरा होतो. १९९२ पासून चालत आलेला हा परिपाठ आपल्याकडील रुग्णालयांच्याही आता अंगवळणी पडला आहे. प्रवेशद्वाराशी फलक लागतात, परिचारिका विद्यालयातील मुली भित्तिचित्रे रंगवितात आणि एखादे पाहुणे आईच्या दुधाला अमृताची उपमा देऊन भाषण संपवितात. या सोहळ्याची थट्टा करण्याचा येथे हेतू नाही; त्यात जे सांगितले जाते ते बहुतांशी खरेच असते. तथापि जे सांगितले जात नाही त्याचे काय? मुलाला अंगावर घेताना पुष्कळ बायकांना, पहिलटकरणींना तर विशेषच, पहिल्या आठवड्यात दुखते. स्तनाग्रे लाल होतात, सोलवटतात, त्यांना चिरा पडतात, प्रसंगी रक्तही येते. मूल भुकेने रडू लागले की आईच्या पोटात गोळा उठतो आणि दातओठ आवळून ती त्याला जवळ घेते. अमृताच्या गोष्टी ऐकून घरी गेलेल्या या बाईला वेदनेविषयी कोणी अवाक्षरही सांगितलेले नसते. मग ती दोष कोणाला देणार? स्वतःलाच.

वर्तमानपत्राच्या या पानावर असल्या खाजगी विषयाची चर्चा कशाला, असे कोणी विचारील. ज्या विषयावर सरकार कार्यक्रम आखते, संसद कायदा करते आणि ज्याच्या अपयशावर एक मोठा व्यापार उभा राहतो तो विषय खाजगी उरलेला नाही, एवढेच उत्तर पुरे व्हावे. आपला संकोचही मोठा चमत्कारिक आहे. पान्हा, दूध, मातृत्व हे शब्द आपण काव्यात आणि व्यासपीठावर मोकळेपणाने वापरतो. दुखऱ्या स्तनाग्राचा विषय निघाला की मात्र माजघराकडे बोट दाखवितो. आणि माजघरात आता सांगणारे फारसे कोणी राहिलेले नाही.

हे दुखणे बहुधा तिसऱ्या-चौथ्या दिवशी शिगेला पोचते, आणि त्याला कारण आहे. पहिले दोन दिवस स्तनांत असतो तो घट्ट, पिवळसर चीक. तो थोडाच असतो आणि मुलाला तेवढा पुरतोही. त्यानंतर दूध उतरते. स्तन भरून दगडासारखे होतात, स्तनाग्राभोवतीचे काळसर वर्तुळ ताणले जाते, आणि कालपर्यंत जे मूल कसेबसे धरीत होते त्याच्या तोंडात आज नुसते टोक येते. ते टोकच ते जोराने ओढू लागते व जखम होते. जखम झाली की आई पाजण्याची वेळ पुढे ढकलते; वेळ पुढे गेली की स्तन अधिक भरतो; अधिक भरला की धरणे अधिक कठीण होते. स्तन रिकामा होत नाही असे दिसल्यावर शरीरही पुढचे दूध कमी तयार करू लागते. मूल अर्धपोटी राहून किरकिरते, रात्रभर घर जागे राहते, आणि पहाटेपर्यंत सर्वांचे एकमत झालेले असते की, "हिला दूधच नाही." आदल्या दिवशी जिला दुधाच्या भाराने कूस बदलणे अशक्य झाले होते तिच्याविषयी हा निर्वाळा दिला जातो, आणि दुकान उघडताच डबा घरात येतो.

साध्या बाळंतपणानंतर बाई दोन-तीन दिवसांत रुग्णालयातून घरी येते. म्हणजे नेमक्या ज्या दिवशी जाणत्या माणसाची गरज, त्याच दिवशी ती जाणत्या माणसांपासून दूर गेलेली असते. घरी वडीलधारी मंडळी म्हणतात, "आम्ही नाही का पाजले? बाळंतपण म्हटले की एवढे सोसायचेच." डॉक्टरकडे जावे तर मलमाची नळी मिळते. एकाने दुखण्याला दैव मानले, दुसऱ्याने त्वचेचा विकार मानला. मूल तोंडात नेमके काय धरते आहे हे मात्र दोघांनीही वाकून पाहिले नाही.

हे वाकून पाहणे किती महत्त्वाचे आहे याची वैद्यकाला कल्पना नव्हती अशातला भाग नाही. मॅव्हिस गुंथर या ब्रिटिश डॉक्टर बाईंनी १९४५ साली 'लॅन्सेट'मध्ये दुखऱ्या स्तनाग्रांची कारणे आणि प्रतिबंध या विषयावरच लेख लिहिला आणि मुलाला स्तनाशी कसे धरले जाते याकडे लक्ष वेधले. त्याला आता ऐंशी वर्षे होऊन गेली. मूल स्तनाग्र चोखत नाही, स्तन चोखते, ही यातली मुख्य गोष्ट. तोंड मोठे उघडून त्याने स्तनाग्राबरोबर भोवतालच्या वर्तुळाचाही बराचसा भाग आत घेतला, तर स्तनाग्र टाळूच्या पार मागे, जेथे कठीण टाळू संपून मऊ टाळू सुरू होते तेथवर जाते. तेथे त्याला घासणारे काही नसते. जीभ खालून लाटेसारखी हलते आणि वर्तुळाखाली साठलेले दूध बाहेर येते. याउलट नुसते टोक तोंडात आले, तर जीभ ते कठीण टाळूवर दाबून रगडते. आईला कळ येते आणि मुलाला दूधही पुरेसे मिळत नाही. पाजून झाल्यावर स्तनाग्र जर तिरप्या छाटलेल्या बोरूच्या टोकासारखे चपटे होऊन बाहेर आले, तर मुलाने ते नीट धरले नव्हते असे खुशाल समजावे. ही खूण ओळखायला पदवी लागत नाही.

आता पूर्वतयारीविषयी. गरोदरपणात स्तनाग्रे 'कणखर' करावीत, हा समज आपल्याकडे जितका घरगुती आहे तितकाच पुस्तकी आहे. शेवटच्या महिन्यांत ती जाड पंचाने चोळावीत, चिमटीत धरून ओढावीत, स्पिरिटने पुसावीत, असे उपदेश पाश्चात्त्य पुस्तकांतून आले आणि येथील आज्यांच्या उपदेशात बेमालूम मिसळून गेले. त्वचा चोळल्याने कणखर होत नाही, सोलली जाते, हे ज्याने म्हणून नवी चप्पल पायात घातली आहे त्याला ठाऊक असावयास हवे. निसर्गाने या जागी स्वतःची व्यवस्था केलेली आहे. वर्तुळावर ज्या बारीक पुटकुळ्या गरोदरपणी ठळक होतात त्यांतून एक तेलकट द्रव झिरपतो व त्वचा मऊ ठेवतो. साबण लावून रोज घासले की नेमका तोच धुऊन निघतो. स्नानाचे साधे पाणी एवढीच स्वच्छता पुरते. शिवाय स्तनाग्रे चोळल्याने, ओढल्याने जे संप्रेरक स्रवते ते गर्भाशयाचे आकुंचन करणारेच असते. ज्या बाईला अकाली प्रसूतीचा धोका आहे तिने तर या फंदात मुळीच पडू नये.

स्तनाग्रे आत वळलेली किंवा सपाट असली तर काय, हा प्रश्न अनेकींना भेडसावतो आणि सासरमाहेरच्या बायका तो अधिक भेडसावणारा करतात. १९५३ पासून प्रचारात आलेल्या हॉफमनच्या व्यायामात वर्तुळाची त्वचा दोन बोटांनी बाजूंना ताणावयाची असे. दुसरा उपाय म्हणजे चोळीच्या आत काचेच्या किंवा प्लॅस्टिकच्या वाट्या घालून बसणे. पुढे या दोन्ही उपायांची रीतसर परीक्षा झाली. १९९२ साली इंग्लंडमधील साउथॅम्प्टन येथे ९६ बायकांवर झालेल्या पाहणीत असे दिसले की, वाट्या वापरणाऱ्यांपैकी कमीच जणी पुढे अंगावर पाजू शकल्या. १९९४ साली ब्रिटन व कॅनडातील ४६३ बायकांच्या मोठ्या पाहणीचा निष्कर्ष आला, तोही हाच की, या दोहोंपैकी कोणताच उपाय सुचविण्यासारखा नाही. गर्भारपणी बाईला तिच्या शरीरातील 'दोष' दाखवून व्यायाम लावून दिला की तिचा धीर मात्र खचतो. मूल धरते ते स्तनाला, तेव्हा आत वळलेल्या स्तनाग्रांच्याही अनेक माता उत्तम पाजू शकतात. खरी अडचण आलीच तर उपाय बाळंतपणानंतर करावयाचा असतो. कर्नाटकातील दावणगेरे येथील बालरोगतज्ज्ञांनी १९९३ साली प्रसिद्ध केलेली युक्ती पाहावी: इंजेक्शनच्या साध्या पिचकारीचे सुईकडचे टोक कापावयाचे, दट्ट्या कापलेल्या बाजूने आत घालावयाचा, आणि न कापलेली गुळगुळीत कड स्तनाला लावून पाजण्यापूर्वी हलकेच ओढ द्यावयाची. स्तनाग्र बाहेर येते. खर्च जवळजवळ काहीच नाही. ही युक्ती किती प्रसूतिगृहांत वापरली जाते हा प्रश्न वेगळा.

मग तयारी करावयाचीच नाही काय? करावयाची, पण कातडीची नव्हे, हातांची आणि डोळ्यांची. सातव्या-आठव्या महिन्यात एखाद्या ओल्या बाळंतिणीजवळ बसून ती मुलाला कसे घेते ते पाहावे. आपल्या मुली आज पदवीधर होतात, परदेशी जातात. पण मूल अंगावर घेतलेली बाई त्यांनी जवळून पाहिलेली असतेच असे नाही. पाहण्याची सोय नसेल तर मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत डॉ. रूपल दलाल व त्यांच्या सहकाऱ्यांनी मराठीसह अनेक भाषांत केलेल्या ध्वनिचित्रफिती आहेत. आईने हात कोठे ठेवावा, मुलाचे तोंड किती उघडले म्हणजे पुरे, हे त्यांत संथपणे दाखविले आहे. डोहाळजेवणाच्या खर्चातून वेळ काढून त्या घरातील सर्वांनी, विशेषतः होणाऱ्या बापाने आणि सासूने, एकदा पाहाव्यात.

ती रीत शब्दांत सांगण्याचा प्रयत्न करतो. आईने पाठ टेकून, खांदे सैल सोडून बसावे. मुलावर ओणवे होऊ नये, मुलाला आपल्याकडे आणावे. मुलाचे पोट आईच्या पोटाला लागलेले असावे. त्याचा कान, खांदा व कंबर एका रेषेत असावी, मान वळलेली नसावी. त्याचे डोके मागून दाबू नये, मानेला व खांद्यांना आधार द्यावा. स्तनाग्र त्याच्या तोंडासमोर नव्हे, नाकासमोर यावे. मग वरच्या ओठाला त्याचा स्पर्श झाला की मूल डोके किंचित मागे टाकून तोंड उघडते. येथे घाई करू नये. जांभई दिल्यासारखे तोंड पुरते उघडेपर्यंत थांबावे आणि त्या क्षणी मुलाला चटकन जवळ ओढावे, हनुवटी आधी टेकेल अशा बेताने. नीट धरले असेल तर खालचा ओठ बाहेर मुडपलेला दिसतो, गाल फुगीर राहतात, वर्तुळाचा भाग वरच्या बाजूला अधिक आणि खालच्या बाजूला कमी दिसतो, आणि थोड्या वेळाने घोट गिळण्याचा आवाज येऊ लागतो. पहिल्या दिवसांत सुरुवातीची काही क्षणांची ओढ बहुतेकींना जाणवते. ती ओसरली नाही आणि कळ येतच राहिली, तर सोसत बसू नये: करंगळी मुलाच्या ओठांच्या कोपऱ्यातून आत सरकवून पकड सोडवावी व पुन्हा लावावे. तसेच खेचून काढले तर तेथेच चीर पडते. स्तन फार ताठलेला असेल तर आधी हाताने थोडे दूध काढून वर्तुळ मऊ करून घ्यावे. पोटावर टाके असलेल्या बाईने कुशीवर निजून पाजावे, किंवा मुलाला काखेखालून धरावे.

यात एक अडचण आपल्या घरांची आहे. बाळ पाहण्यास येणाऱ्यांची रीघ लागलेली असते आणि आई भिंतीकडे तोंड करून, पदराखाली, अंधारात मुलाला चाचपडत लावीत असते. जे करावयाचे ते दिसतच नसेल तर चुकणार नाही तर काय होईल? पहिला आठवडाभर तरी पाहुण्यांनी बाहेरच्या खोलीत बसावे आणि बाळंतिणीला उजेड व एकांत द्यावा. रुग्णालयांच्या सार्वजनिक कक्षांत दोन खाटांमध्ये पडदा असणे ही चैन नव्हे.

पूर्वीच्या काळी हे सारे आपोआप होत असे, असे म्हणून सुस्कारा सोडण्याचा मोह होतो. तो पुरता खरा नाही. माहेरच्या बाळंतपणात आई, मावशी, सुईण यांच्या अनुभवाचा आधार होता, अडलेल्या मुलीजवळ कोणीतरी दिवसरात्र बसत असे, आळिवाची खीर आणि विश्रांती मिळत असे. परंतु त्याच घरांत चीक 'जड' म्हणून पिळून टाकला जाई, मुलाला मधाचे बोट चाटविले जाई आणि पहिले दोन-तीन दिवस ते बोंडल्याने पाणी पीत राही. जुन्यात कौशल्य होते तसे अज्ञानही होते. नव्या व्यवस्थेने अज्ञानाबरोबर कौशल्यही हाकलून दिले, ही खरी तक्रार आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातील ८८.६ टक्के बाळंतपणे रुग्णालयांत झाली. त्याआधीच्या, २०१५-१६ च्या पाहणीत हे प्रमाण ७८.९ टक्के होते. पण जन्मल्यापासून तासाभरात अंगावर घेतल्या गेलेल्या मुलांचे प्रमाण ४१.६ वरून ४१.८ टक्क्यांवर, म्हणजे जवळजवळ जागेवरच राहिले. म्हणजे बाई रुग्णालयात आली खरी, पण मूल आईजवळ आणण्याचे काम रुग्णालयाने आपले मानले नाही. खाजगी रुग्णालयांत तर याच पाहणीत ४७.४ टक्के बाळंतपणे शस्त्रक्रियेने झालेली दिसतात. गुंगी, टाके, दुसऱ्या खोलीत ठेवलेले मूल, आणि तोवर 'तात्पुरती' बाटली. रबराची बोंडी तोंडाच्या टोकात धरली तरी दूध येते. ती सवय घेऊन आलेले मूल आईचे स्तनाग्रही तसेच टोकाला धरू पाहते.

मागील पिढीतील रुग्णालयांनी आणखी एक शिस्त लावली होती: पहिल्या दिवशी दोन-तीन मिनिटे, दुसऱ्या दिवशी पाच, अशी घड्याळ लावून पाजावयाची. उद्देश स्तनाग्रे वाचविण्याचा होता. त्याने दुखणे वाचले नाही, फक्त दोन दिवस पुढे गेले. चुकीचे धरलेले मूल पाच मिनिटांतही जखम करते आणि नीट धरलेले मूल अर्धा तास चोखूनही करीत नाही.

मलमांविषयीही स्पष्ट बोलले पाहिजे. चार प्रयोगांतील ६५६ बायकांच्या नोंदी एकत्र पाहून २०१४ साली जो आढावा कॉक्रेन संस्थेने काढला, त्यात लॅनोलिन, ग्लिसरीनचे पट्टे इत्यादी उपाय हे नुसते स्वतःचेच दूध लावण्याहून किंवा काहीच न लावण्याहून सरस असल्याचा पुरेसा पुरावा मिळाला नाही. कोणताही उपाय केला तरी बहुतेकींचे दुखणे सात ते दहा दिवसांत सौम्य झालेले होते. ही माहितीच एक औषध आहे. "हे असेच सहा महिने चालणार" अशी समजूत झालेली बाई चौथ्या दिवशी हात टेकते. आठवडाभराचे आहे असे कळले, आणि मूल धरण्याची चूक कोणी सुधारून दिली, तर ती निभावून नेते.

मात्र सर्वच दुखणी पकडीच्या चुकीची नसतात. काही मुलांची जीभ खालून आखूड पडद्याने बांधलेली असते. पहिले काही आठवडे न दुखता गेल्यावर एकाएकी आग होऊ लागली आणि मुलाच्या तोंडात पांढरे थर दिसले तर तो बुरशीचा संसर्ग असू शकतो, आणि मग दोघांनाही उपचार लागतात. स्तनाचा एखादा भाग लाल, गरम होऊन थंडीताप भरला तर डॉक्टर गाठण्यास उशीर करू नये. त्याही स्थितीत पाजणे थांबवावयाचे नसते, कारण दूध तुंबल्याने ते दुखणे वाढते. आणि इतके सर्व करूनही जिला जमले नाही, किंवा जिच्या मुलाला वरचे दूध देणे प्रकृतीमुळे आवश्यक ठरले, तिला कोणी आईपणाचे धडे देऊ नयेत. आधी मदत न करणारे आणि नंतर बोल लावणारे बहुधा एकच असतात.

कायद्याच्या बाजूने आपला देश मागे नाही. बालदुधाच्या पर्यायांचे व बाटल्यांचे नियमन करणारा १९९२ चा कायदा, २००३ मधील त्याची दुरुस्ती, यांनी डब्याच्या जाहिरातीला आणि रुग्णालयांतील फुकट नमुन्यांना बंदी केली. या क्षेत्रात झटणारी देशव्यापी संघटना १९९१ साली आपल्याच वर्ध्यात स्थापन झाली, आशिया खंडातील पहिली मातृदुग्ध पेढी १९८९ साली मुंबईच्या शीव रुग्णालयात सुरू झाली. २०१६ पासून केंद्र सरकारचा 'मा' नावाचा कार्यक्रमही आहे. पण कायदा डबा दूर ठेवू शकतो, मूल स्तनाला लावून देऊ शकत नाही. त्यासाठी पहाटे दोन वाजता खाटेजवळ उभे राहणारे माणूस लागते, आणि तिसऱ्या दिवशी घराच्या दारात येणारे माणूस लागते.

यातले दुसरे माणूस कागदावर तरी आहेच. नवजात बालकांच्या गृहभेटीच्या योजनेत रुग्णालयातून घरी आलेल्या बाळंतिणीकडे आशाताईंनी तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या व बेचाळिसाव्या दिवशी जावयाचे असते. तिसरा दिवस! दुखणे शिगेला पोचण्याचा नेमका तोच मुहूर्त. त्या दिवशी मुलाचे वजन करून आणि नोंदवहीत खूण करून आशाताई निघून गेल्या, तर ती भेट वाया गेली. एक पूर्ण पाजणे त्यांनी समोर बसून पाहिले, पकड दोनदा सोडवून पुन्हा लावून दिली, तर एका घरातला डबा टळेल. त्याकरिता त्यांना हातांनी करून दाखविणारे शिक्षण दिले पाहिजे, आणि या अर्ध्या-पाऊण तासाचा मोबदला मोजला गेला पाहिजे. शहरांतील मध्यमवर्गीय वस्त्यांत आणि खाजगी प्रसूतिगृहांत तर असे कोणी येतही नाही.

म्हणून मागणी अगदी लहान आहे. बाळंतिणीला घरी सोडताना जो कागद दिला जातो त्यावर औषधे, टाक्यांची तारीख, लसीकरण, बिल हे सर्व असते. त्याच कागदावर एक ओळ वाढवावी: 'मूल अंगावर घेताना प्रत्यक्ष पाहिले, आईला दुखत नाही', आणि त्याखाली पाहणाऱ्या परिचारिकेची सही असावी. दुखत असेल तर सही नाही, आणि सही नाही तर पकड सुधारून देईपर्यंत सुट्टीही नाही. सरकारी रुग्णालयांपुरता हा नियम आरोग्य खात्याच्या एका परिपत्रकाने लागू करता येईल. खाजगी प्रसूतिगृहांना नोंदणीचे नूतनीकरण करताना तो घालता येईल, आणि रात्रपाळीला एक तरी प्रशिक्षित परिचारिका नेमली आहे किंवा नाही हेही त्याच वेळी विचारता येईल.